साडी अंगावर पडते की फुगते? बस्त्याला निघण्यापूर्वीची एक तुलना

लग्नाच्या बस्त्याला गेल्यावर दुकानदार गादीवर साडीची घडी मोडतो, पदर उलगडून घेणारीच्या खांद्यावर टाकतो आणि आरसा पुढे करतो. त्या आरशात दिसतो तो पदर, आणि पदर बहुतेक साड्यांचा देखणाच असतो, कारण विणणाऱ्याचे कसब तिथेच ओतलेले असते. साडी अंगाला शोभणार की नाही हे मात्र ठरते कंबरेपासून पावलापर्यंतच्या भागात: निऱ्यांत, नितंबांवरच्या वेढ्यात आणि पोटावरून खांद्याकडे तिरक्या जाणाऱ्या कापडात. नेमका हाच भाग दुकानात कोणी आपणहून दाखवत नाही. घरी आणलेली साडी फॉल-पिको होऊन नेसली जाते आणि मग ‘दुकानात किती छान वाटली होती’ हे वाक्य ऐकू येते.

ज्यांना एका समारंभासाठी एकच चांगली साडी घ्यायची आहे आणि पैठणी, म्हैसूर क्रेप, महेश्वरी व इरकल या चारांत मन अडकले आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. रंग येथे मुद्दाम मागे ठेवला आहे. गडद रंगात माणूस बारीक दिसतो हे सर्वांना ठाऊक असते, पण फुगणाऱ्या कापडाची काळी साडीही फुगतेच.

पहिली कसोटी कापडाच्या पडण्याची. साडीच्या अंगाच्या, म्हणजे पदर व काठ सोडून मधल्या भागाच्या, चार-पाच निऱ्या करून चिमटीत धराव्यात आणि कापड खाली सोडावे. चिमटीतली रुंदी खालपर्यंत जवळजवळ तशीच राहिली तर कापड पडणारे आहे, आणि पंख्यासारखी पसरली तर फुगणारे. क्रेप आणि जॉर्जेट यांचे सूत विणण्यापूर्वी भरपूर पीळ दिलेले असते, म्हणून ती कापडे सळसळत खाली येतात. खळ दिलेली सुती साडी, ऑर्गंझा किंवा कोटा ही कापडे आपला आकार धरून ठेवतात. पडणारे कापड अंगाची रेषा दाखवते आणि फुगणारे कापड स्वतःची रेषा तयार करते. म्हणून किडकिडीत मुलीला खळीची सुती साडी भरीव दिसू देते, तर रुंद कंबरेच्या बाईला तीच साडी आणखी दोन बोटे रुंद करते.

या कसोटीवर पैठणी मध्ये कुठेतरी बसते आणि तिचा निवाडा सरसकट करता येत नाही. येवल्याच्या हातमागावरच्या अस्सल रेशमी पैठणीचे अंग मऊ असते, जरीच्या काठाचे वजन तिला खाली ओढते आणि निऱ्या बऱ्यापैकी सरळ राहतात. अडचण अंगात नसून पदरात आहे. मोर, आसावली किंवा बांगडी-मोर विणलेला पदर जरीने इतका भरलेला असतो की त्याच्या पाच चुण्या करून खांद्यावर टाचल्या, तर छातीवर जाड पट्टी उभी राहते आणि वरच्या अंगाने भरलेल्या स्त्रीला ती अधिकच भारदस्त करते. अशा स्त्रीने पैठणीचा पदर चुण्या न करता एकेरी सोडावा. नाहीतरी एवढे विणकाम चुण्यांत दडवण्यासाठी कोणी पैसे मोजत नाही. एकेरी पदर डाव्या हातावरून ओघळतो आणि पोट व कंबर झाकतो, पण शरीराची एकूण रुंदी थोडी वाढवतो, म्हणून लहान चणीच्या मुलीला तो सांभाळायलाही जड जातो. अंगभर बुट्ट्यांची ब्रोकेड पैठणी साध्या अंगाच्या पैठणीपेक्षा ताठ असते. ती उंच आणि शेलाट्या बांध्यालाच खुलते, असे माझे स्पष्ट मत आहे. धूपछाव पैठणीत ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा व बाणा, म्हणजे आडवे धागे, दुसऱ्या रंगाचा असल्याने जिथे कापड वळते तिथे रंग पालटतो; त्यामुळे निऱ्या सुंदर दिसतात आणि पोटाचा उंचवटाही तितक्याच ठळकपणे दिसतो.

म्हैसूर क्रेप पैठणीच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. म्हैसूरच्या रेशीम कारखान्याची सुरुवात 1912 साली संस्थानाच्या पुढाकाराने झाली आणि तिथल्या साड्यांची ओळख आजही तीच आहे: एकरंगी मऊ अंग, जरीचा आटोपशीर काठ, आणि नेसल्यावर पाण्यासारखे खाली येणारे कापड. कंबरेखाली भरलेल्या बांध्यासाठी या चारांत मी डोळे मिटून हीच साडी सुचवीन, कारण नितंबांवरचा वेढा फुगत नाही आणि निऱ्या एकमेकींवर चपट्या बसतात. किडकिडीत स्त्रीला मात्र ती फार उघडे पाडते, खांद्याची हाडे आणि सपाट कंबर जशीच्या तशी दाखवते. शिवाय लग्नाच्या मांडवात, चारी बाजूंना काठपदर मिरवत असताना, साधे क्रेप थोडे अबोल वाटते. ज्यांना ते अबोलपण नको आहे त्यांनी केवळ बारीक दिसण्यासाठी क्रेप घेऊ नये, कारण मग ती साडी कपाटातच राहते.

महेश्वरी ही या यादीतली सर्वांत समजूतदार साडी आहे. नर्मदाकाठच्या महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने जो माग रुजला, त्यावरच्या आजच्या प्रचलित साडीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. त्यामुळे ती क्रेपइतकी चिकटत नाही आणि सुतीइतकी फुगतही नाही. काठ उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल असा विणण्याची तिथली रीत आहे, म्हणून कोणतीही बाजू वर घेऊन नेसता येते. चंदेरीतही रेशीम आणि सूत यांचा असाच मेळ असतो, पण तिचे रेशीम पूर्ण धुऊन मऊ केलेले नसल्याने ती कुरकुरीत व पारदर्शक राहते. पोटाजवळ ती तंबूसारखी उभी राहू शकते आणि आतल्या परकराचा रंग जुळला नाही तर कमरेची गाठसुद्धा दिसते. दोघींत निवड करायची झाल्यास पोट सुटलेल्या स्त्रीने महेश्वरी घ्यावी आणि सडपातळ स्त्रीने चंदेरी.

इरकलीबद्दल थोडक्यात सांगता येईल. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ही साडी महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलेली आहे. अंगात बारीक चौकटी किंवा रेघा, आणि कोंडी पद्धतीने, म्हणजे अंगाच्या व पदराच्या उभ्या धाग्यांचे फासे एकमेकांत अडकवून जोडलेला, देवळाच्या कळसासारख्या टोप-तेनीचा लाल पदर, ही तिची ओळख. सुती इरकल पहिले दोन-तीन धुणे ताठ वागते आणि मग इतकी मऊ होते की अंगावर असल्याचे जाणवत नाही, म्हणून नव्या साडीवरून तिचा निकाल लावू नये. उभ्या रेघांची इरकल ठेंगण्या स्त्रीची उंची वाढवते असे म्हणतात. मात्र रेघ निऱ्यांत उभी येते की आडवी, हे नेसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता उंचीचा विचार करू, आणि येथे डोळ्यांपेक्षा टेप अधिक उपयोगी पडतो. साडीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 45 ते 47 इंच असतो. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे बेंबीखालून जमिनीपर्यंतचे अंतर, थोडी टाच धरून, 38 इंचांच्या आसपास भरते. म्हणजे जवळजवळ 8 इंच कापड कंबरेत खोचावे लागते. सात निऱ्या म्हणजे कापडाच्या चौदा घड्या, आणि त्या सगळ्यांचे वरचे 8 इंच पोटावर गोळा होतात. त्यात वरचा काठही जरीचा आणि रुंद असेल तर तो काठ कोणाला न दिसता पोटावर उशी बांधल्यासारखा बसतो. माझ्या वहिनींनी, ज्या जेमतेम पाच फूट आहेत, एका लग्नात दोन्हीकडे सारखा रुंद काठ असलेली कांजीवरम नेसली आणि संध्याकाळपर्यंत ‘काही गोड बातमी आहे का’ असे तीन जणींनी विचारले. दोष साडीच्या सौंदर्यात नव्हता, खोचलेल्या काठात होता. म्हणून ठेंगण्या स्त्रीने, ती सडपातळ असो वा भरल्या अंगाची, वरचा काठ बारीक असलेली साडी शोधावी.

खालच्या काठाचेही गणित सोपे आहे. दिसणारी साडी 38 इंच असताना 8 इंची काठ तिचा पाचवा हिस्सा खाऊन टाकतो आणि तिथे आडवी रेघ मारून पाय आखूड करतो. 3 इंची काठ तेच काम न करता साडीला वजन देतो. पाच फूट आठ इंचांच्या मुलीचा प्रश्न नेमका उलटा असतो. तिला 44 इंच कापड बाहेर लागते, खोचायला जेमतेम दोन इंच उरतात आणि कमी पन्ह्याची साडी घोट्याच्या वर चढते. अशा मुलीने रुंद काठाची पैठणी बेलाशक घ्यावी, मात्र दुकानातच पन्हा मोजून घ्यावा.

लांबीही लक्षात घ्यायला हवी. ब्लाऊज पीस सोडून साडी साधारण साडेपाच मीटर असते. कंबरेच्या घेरात 8 इंचांचा फरक असेल तर दोन वेढ्यांत मिळून 16 इंच कापड जास्त जाते, आणि एका निरीला आठ-दहा इंच लागतात असे धरले तर जवळजवळ दोन निऱ्या कमी पडतात. घेर मोठा असलेल्या स्त्रीने त्यासाठी पदर आखूड करू नये, निऱ्या पाचच घ्याव्यात. थोड्या निऱ्या तिच्या बांध्याला एरवीही अधिक शोभतात. नऊवारीत ही अडचण उरत नाही, कारण सुमारे 8.2 मीटर कापड हवे तसे वाटून घेता येते आणि कासोटा मागचा भाग दोन्हीकडे विभागतो. हे फायदे नेसायच्या नऊवारीचे आहेत. शिवलेली नऊवारी ही मापाची वस्तू आहे, आणि तिचे माप कंबरेला बसले तर नितंबांवर ताणते.

साडीवर दहा हजार घालवणाऱ्या कितीतरी जणी ब्लाऊजच्या शिलाईत घासाघीस करतात, आणि मला त्याचे नेहमी नवल वाटते, कारण वरचा निम्मा देह ब्लाऊजच दाखवतो. भरलेल्या छातीला कटोरी ब्लाऊज योग्य, कारण त्यात कापड गोलाईप्रमाणे तुकड्यांत बसवलेले असते. प्रिन्सेस कटमध्ये खांद्यापासून खाली जाणारी उभी शिवण येते आणि लहान किंवा मध्यम छातीला ती लांब रेषा मिळते. बाही दंडाच्या सर्वांत जाड जागी संपली तर नजर तिथेच थांबते, म्हणून जाड दंडाला एक तर कोपरापर्यंतची बाही घ्यावी किंवा त्या जागेच्या चांगली वर संपणारी. अरुंद खांदे आणि रुंद कंबर असेल तर बोट नेक खांद्यांना रुंदी देऊन तोल साधतो, पण तोच गळा आखूड मानेच्या आणि भरल्या छातीच्या स्त्रीला कोंदट दिसतो. तिला पुढून खोल गोल किंवा व्ही गळा बरा. इरकलीवर किंवा महेश्वरीवर खणाचा ब्लाऊज सुरेख दिसतो, मात्र खण अजिबात ताणला जात नाही, त्यामुळे अस्तर लावून आणि आतल्या शिवणीत इंचभर माया ठेवूनच तो शिवून घ्यावा.

परकराची निवड कापडाच्या स्वभावावरून करावी. क्रेपखाली अंगाला बसणारे साडी शेपवेअर चालते, पण कंबरेखाली भरलेल्या बांध्यावर ते प्रत्येक वळण स्पष्ट करते, आणि तिथे सहा कळ्यांचा साधा सुती परकर उजवा ठरतो. पैठणीसारख्या वजनदार साडीला नाड्याचाच सुती परकर हवा, सॅटिनवरून ती दिवसभर घसरत राहते. नाड्याची गाठ पुढे न मारता उजव्या कुशीला मारली तर निऱ्यांखालचा एक उंचवटा आपोआप कमी होतो.

तेव्हा माझा कौल असा. ठेंगणी आणि सडपातळ असेल तर बारीक काठाची महेश्वरी, लग्नघरचीच असेल तर तीन-चार इंची काठाची साध्या अंगाची पैठणी. ठेंगणी आणि भरल्या अंगाची असेल तर म्हैसूर क्रेप. उंच आणि शेलाटी असेल तर तिने ब्रोकेड पैठणीचा मोह आवरू नये. उंच आणि धिप्पाड असेल तर रुंद काठाची, पण साध्या अंगाची पैठणी, पदर एकेरी. कंबर रुंद आणि खांदे अरुंद असतील तर क्रेप आणि बोट नेक. पोट पुढे असेल तर महेश्वरी, किंवा चार धुणी झालेली मऊ इरकल. आणि आईच्या पेटीतली रुंद काठाची पैठणीच नेसायची असे ज्या ठेंगण्या मुलीने ठरवले आहे, तिने हा सगळा हिशेब बाजूला ठेवून उंच टाच घालावी आणि वरच्या काठाची घडी पोटावर न आणता दोन्ही कुशींकडे वळवून खोचावी.

दुकानात गर्दी नसेल अशा वेळी, सकाळी अकराच्या आत, जावे. बरीच मोठी दुकाने कपड्यांवरून कमरेला पट्टा बांधून पाच मिनिटांत साडी निऱ्यांसकट नेसवून दाखवतात, फक्त तसे मागावे लागते. नेसवल्यावर आरशासमोर सरळ उभे न राहता बाजूला वळावे आणि सोबतच्या व्यक्तीला बाजूनेच फोटो काढायला सांगावा.