फेंडर रंबल १०० : मांडवात, शॅकमध्ये आणि स्कूटरवर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. चार तारांचा बास, म्हणजे बास गिटार, वाजवत असाल, कार्यक्रमाला साउंडवाला असेल आणि सामानाची ने-आण स्वतःच करायची असेल, तर फेंडर कंपनीचा रंबल १०० हा बासचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा, स्पीकर आतच असलेला डबा) डोळे मिटून घ्या. पाचशे वॅटच्या नादाला लागू नका. पाच तारांचा बास असेल किंवा साउंड सिस्टीमशिवाय ड्रमसेटसमोर उभं राहायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे शेवटी येतो.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. दिवसा नोकरी, संध्याकाळी बास. चतुर्थीपासून जत्रा संपेपर्यंत भावगीतं आणि नाट्यगीतांचे कार्यक्रम, आणि टुरिस्ट सीझनला शनिवारी बागा किनाऱ्याच्या बाजूला एका शॅकमध्ये (झावळ्यांच्या हॉटेलात) आम्हा चौघांचा संच. आपल्या मराठी कार्यक्रमांत बासवाल्याचं स्थान काय असतं ते वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे. निवेदिका गायकापासून टाळवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेते आणि आमच्यापाशी येऊन पुढच्या गाण्याकडे वळते. तर अशा माणसाने कुठला अ‍ॅम्प घ्यावा, त्याचा हा हिशेब.

यंत्र असं आहे: १०० वॅट, १२ इंची एमिनन्सचा एक स्पीकर, वजन १० किलो. पुढे बास, लो-मिड, हाय-मिड आणि ट्रेबल असे चार नॉब. आवाजाचा पोत बदलणारी ब्राइट, काँटूर आणि व्हिंटेज ही तीन बटणं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम फाटका आवाज काढायची सोय, आहे. घरी सरावाला हेडफोनची सोय आहे, मोबाईल जोडायला ऑक्स आहे आणि साउंडवाल्याला वायर द्यायला एक्सएलआर लाइन आउट. २०१४ मध्ये फेंडरने ही मालिका नव्याने आणली तेव्हा वजन चांगलंच उतरवलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम तेच केलं. कारण हा डबा स्कूटरच्या पायदानावर बसतो. गुडघे जरा फाकवावे लागतात, गिटार पाठीला, केबलची पिशवी हुकाला, झालं. रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत चढताना एका हाताने उचलून कडेला ठेवता येतो. मोठ्या अ‍ॅम्पवाले मित्र टेम्पोची वाट बघत असतात, तोवर माझा चहा झालेला असतो.

आता आवाजाचं. "शंभर वॅटने काय होणार रे?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडं गणित. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. शंभराचे पाचशे केले तर हाती पडतात ७ डेसिबल. पाचपट ताकद घेऊन आवाज दुप्पटसुद्धा होत नाही. त्यातून याच मालिकेतला रंबल ५०० चा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) नुसता लावला तर ३५० वॅटच देतो. पूर्ण पाचशे हवे असतील तर बाहेरून दुसरी कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, जोडावी लागते. आणि त्याचं वजन साडेसोळा किलोच्या आसपास. दोन स्पीकरमुळे हवा जास्त हलते हे खरं, पण कमरेचं काय?

मुळात स्टेजवरचा अ‍ॅम्प लोकांना ऐकवायला नसतो. लोकांना ऐकवायला दोन्ही बाजूंचे ते मोठे स्पीकर, टॉप आणि सब, आहेत. अ‍ॅम्प माझ्यासाठी, आणि तालाला बसलेल्या माणसासाठी. एवढं मनाशी पक्कं केलं की शंभर वॅट पुष्कळ होतात.

मांडवातला प्रसंग सांगतो, कारण तिथे सगळं एकदम समोर येतं. फोंडा तालुक्यातली देवळाची जत्रा. स्टेज म्हणजे लोखंडी पिंपांवर फळ्या, वर गालिचा, खाली पोकळ. अशा स्टेजवर अ‍ॅम्प सरळ जमिनीला टेकवला की फळ्या वाजायला लागतात. चौथ्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) खालचा स्वर लावला की पेटीवाल्या काकांच्या पायाखालून घुमून वर येतो आणि ते पेटी थांबवून मागे बघतात. त्याहून वाईट म्हणजे डग्गा. डग्ग्याचं कातडं माझ्या स्वरांबरोबर आपोआप थरथरतं, समोरचा माइक ते उचलतो, मॉनिटरमधून ते परत येतं, आणि बघता बघता सगळा मांडव घों करायला लागतो. साउंडवाला लांबून ओरडतो, "अरे, बास मातसो कमी कर मरे!" दरवेळी बासच. दोष डग्ग्याच्या माइकचा असला तरी बासच.

यावर रंबल १०० चा हलकेपणा कामाला येतो. मांडवातली प्लास्टिकची खुर्ची घ्या, अ‍ॅम्प तिच्यावर ठेवा, मागे जरा टेकवून, तोंड वर आपल्या कानाकडे. तबल्यापासून जेवढा लांब जाईल तेवढा. फळ्यांशी संबंध तुटला की गुरगुर जाते. स्पीकर गुडघ्यांऐवजी कानांकडे बघायला लागला की मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, निम्म्यावर आणला तरी स्वच्छ ऐकू येतं. साडेसोळा किलोचा डबा त्या खुर्चीवर ठेवून गाणं वाजवायची माझी हिंमत नाही.

इथेच बटणांचा मुद्दा. काँटूर नावाचं बटण आहे त्याला स्टेजवर हात लावू नका. ते मधल्या पट्टीतला आवाज खाली घेतं, खालचा भाग फुगवतं. घरी एकट्याने वाजवताना फार गोड वाटतं. दुकानात तर हमखास ते दाबूनच दाखवतात. पण पेटी, तबला, की-बोर्ड आणि गायिका आली की त्या आवाजातला स्वर नाहीसा होतो, नुसता धुरळा उरतो. माझा मांडवातला नेम: बासचा नॉब घड्याळातल्या बाराच्या जागी किंवा जरा कमी, लो-मिड चांगला पुढे, हाय-मिड थोडा पुढे, ट्रेबल मागे, व्हिंटेज चालू. खुल्या ई तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा. तेवढा खालचा भाग कमी आवाजात कानाला नीट लागतच नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलेली ही गोष्ट. आपण कुठला स्वर वाजवतोय हे कान वरच्या उपस्वरांवरून ओळखतो. म्हणून ऐकू येत नाही असं वाटलं की मास्टरकडे जाणारा हात लो-मिडकडे वळवायचा.

वाजवण्याबद्दलही बोलायला हवं, कारण अर्धा आवाज बोटांतच असतो. मराठी कार्यक्रमात खालची जागा डग्ग्याने आधीच घेतलेली असते. केरव्यात डग्गा घुमतोय तिथेच मीही लांब स्वर ओढला तर दोघेही ऐकू येत नाहीत. म्हणून मी सम धरतो, स्वर आखूड तोडतो, आणि तालाच्या खालीला डग्गा गप्प असतो तेव्हा पंचमावरून परत षड्जाकडे येतो. दादऱ्यात तर सहा मात्रांत दोन स्वर पुरतात. ठुशीतल्या मण्यांसारखे स्वर एकमेकांना खेटून भरले तर गायिकेचा शब्द ऐकू येणार कुठून? एक व्यावहारिक अडचण सांगतो. गायिकेची पट्टी काळी चार (जी शार्प), गायकाची काळी एक (सी शार्प). या पट्ट्यांत षड्ज-पंचमाला खुली तार एकही मिळत नाही. काळी चारचा षड्ज ई तारेच्या चौथ्या पडद्यावर, साधारण ५२ हर्ट्झ. काळी एकचा ए तारेच्या चौथ्या पडद्यावर, ६९ हर्ट्झ. सगळं दाबूनच वाजवायचं, त्यामुळे डावा हात उचलला की स्वर तिथेच थांबतो, आणि आखूड वाजवणं उलट सोपं जातं. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला तर आणखी छान.

तारा मी फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत, लावतो. आपल्या हवेत साध्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारांचं तेज पावसाळ्यात लगेच उतरतं, बोटांना गंजाचा वास येतो. फ्लॅटना मुळात ते तेज नसतंच, त्यामुळे उतरण्याचा प्रश्न येत नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवाला जेम्स जेमर्सन १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बासवर जाड फ्लॅट तारा लावून, उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवायचा आणि तारा सहसा बदलतच नसे. आम्ही कंजूसपणा करतो तेव्हा त्याचं नाव सांगतो. प्रिसिजन बास मुळात १९५१ मध्ये आला, कारण उभा डबलबास बँडच्या गोंगाटात ऐकूच येत नसे. ऐकू येण्यासाठी वाद्य काढलं, आणि तेव्हापासून त्यालाच सगळे कमी कर म्हणतायत.

साउंडवाल्याला लाइन देण्याबद्दल: अ‍ॅम्पच्या मागची एक्सएलआर चांगली आहे, अडचणीला मी तीच देतो. पण शक्य असेल तेव्हा गिटारची वायर आधी स्वतःच्या डीआय बॉक्समध्ये (गिटारचा सिग्नल साउंड सिस्टीमला जोडणाऱ्या डबीत) घालतो आणि तिथल्या थ्रू नावाच्या जॅकमधून अ‍ॅम्पला जातो. मग स्टेजवर मी कुठलाही नॉब फिरवला तरी बाहेरच्या आवाजाला धक्का लागत नाही, आणि साउंडवाल्याच्या शिव्या वाचतात. जनरेटरवर हमिंग येतं तेव्हा ग्राउंड लिफ्टचं (फक्त साउंडवाल्याच्या लाइनीतला ग्राउंड तोडणारं) बटण दाबायचं. तीन पिनांतली अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग मी बघितलेत. ओल्या मांडवात, हातात लोखंडी तारा, ओठ माइकला, आणि अर्थिंग नाही! असलं करू नका.

शॅकमध्ये कथा वेगळी. तिथे माझ्याबरोबर गिटार, गायिका आणि कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका). बास सिस्टीममधून जातच नाही, म्हणजे अ‍ॅम्प हाच बाहेरचा आवाज. जागा लहान आणि लोक जेवताहेत, त्यामुळे मास्टर तीनच्या पुढे जायची वेळच येत नाही. इथे अ‍ॅम्प खाली जमिनीवर, भिंतीपासून सरकवून. कोपऱ्यात ठेवला की खालचा आवाज फुगतो.

किनाऱ्यावरच्या आवाजाबद्दल सगळ्यांचं मत असतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. आता गंमत बघा. ही मर्यादा मोजतात ती 'ए' भारांकनाने, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे आकडा कमीजास्त करून, आणि त्यात खालचे स्वर जवळजवळ धरलेच जात नाहीत: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला ३०. मॅनेजर मोबाईलवरचं मीटर दाखवून खूश असतो, कारण आकड्यात बास दिसतच नाही. पण भिंतीतून, माडांतून पलीकडच्या घरात पोचतो तो बासच. ४१ हर्ट्झची लहर सव्वाआठ मीटर लांब; तिला झावळ्यांची ताटी काय अडवणार? पलीकडच्या घरातली आजी पोलिसांना फोन करते ती गायिकेमुळे नव्हे, माझ्यामुळे. म्हणून नऊनंतर मी बासचा नॉब दहाच्या खाली, म्हणजे घड्याळातल्या दहाच्या, नेऊन ठेवतो आणि लो-मिड वाढवतो. टेबलांवर आधीइतकंच ऐकू येतं, कुंपणाबाहेर बरंच कमी जातं. चार वेगळे नॉब असल्याचा खरा फायदा हा.

न आवडलेलं? ओव्हरड्राइव्ह मला निरुपयोगी आहे, पण रॉक वाजवणारी पोरं त्यावर खूश होतील. बाहेरच्या स्पीकरसाठी जागा नाही, म्हणजे उद्या आवाज वाढवावासा वाटला तर अ‍ॅम्पच बदलावा लागणार. ते विकत घेतानाच माहीत असू द्या. आणि कुठलाही अ‍ॅम्प असो, जुलै-ऑगस्टमध्ये तो कोपऱ्यात झाकून ठेवू नका. आठवड्यातून एकदा चालू करा, नॉब सगळे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, नाहीतर चतुर्थीला पहिल्या आरतीलाच खरखर ऐकायची तयारी ठेवा.

राहिली पाच तारांची गोष्ट. खालची बी तार ३१ हर्ट्झला उतरते. १२ इंची एका स्पीकरकडून आणि शंभर वॅटकडून मोठ्या आवाजात तेवढ्या खोल स्वराची अपेक्षा धरू नये. लग्नाच्या बँडमध्ये ब्रासबरोबर आणि कडक ड्रमरसमोर वाजवणाऱ्यांनीही, बास सिस्टीममधून जात नसेल तर, सरळ ५०० बघावा आणि बरोबर एक धडधाकट भाचा ठेवावा. बाकीच्यांनी शंभराचा घ्या. किमतीतला जो फरक उरेल त्यातून आधी एक चांगला डीआय बॉक्स आणि दोन मजबूत केबल घ्या. त्यातली एक साउंडवाला हमखास घेऊन जातो.