ऑर्किडच्या पिल्लाला मॉस की कोळसा?

प्रयोगशाळेत बाटलीतल्या जेलीवर रुजवलेलं ऑर्किडचं रोप बाहेर काढून नागपुरात मोठं करायचं, तर छोट्या कुंडीत काय भरायचं हा पहिला प्रश्न. कशातही लावा, मुळांना चिकटलेली जेली आधी नीट धुवून काढा, नाहीतर बुरशी ठरलेलीच.

स्फॅग्नम मॉस, म्हणजे एक प्रकारचं वाळवलेलं शेवाळ, स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त पाणी धरून ठेवतं. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, हवा ठणठणीत कोरडी होते, तेव्हा कोवळ्या मुळांना त्याचाच आधार. गोची होते ती जुलै-ऑगस्टमध्ये. मॉस वाळतच नाही, त्यात दाबून भरलेलं असेल तर मुळांना हवा मिळत नाही. मग ती तपकिरी, मऊ पडतात; चिमटीत धरून ओढलं की साल निघून येते आणि आतला दोरा तेवढा उरतो.

कोळशाचे तुकडे पावसाळ्यात बिनघोर. उन्हाळ्यात मात्र सकाळ-संध्याकाळ पाणी, त्यात बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे क्षार चढतात.

मला विचाराल तर पहिलं वर्ष मॉस, पण सैल भरलेलं, तळाला भोकं पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्या, हिरवी असली की हात आवरा. पुढे डेंड्रोबियम प्रकारचं ऑर्किड असेल तर खुशाल कोळशात हलवा, त्याच्या जाड खोडात पाणी साठतं. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या प्रकाराकडे तशी शिदोरी नसते; त्याला कोळशासोबत थोडं मॉस राहू द्या आणि उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवा, फक्त थेट झोतात नको.