प्राट, आठ महिन्यांनंतर: दशांशावर भुलू नका

मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात मालवणीचे स्वर आणि व्यंजनं मोजायला आठ महिने प्राट वापरलं. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही धावतं. नावाचा डच अर्थ 'बोल'. पडद्यावर एफ१ (पहिला फॉर्मंट, म्हणजे स्वराची ओळख ठरवणारा सर्वात खालचा अनुनाद) ५१२.३७ हर्ट्झ दिसला, की तो आकडा तितकाच अचूक आहे असं वाटतं. खरी फसगत तिथे होते.

म्हणून आधी उत्तर माहीत असलेला आवाज बनवा. प्राटमध्येच क्लॅटग्रिड आहे, डेनिस क्लॅट यांच्या १९८० च्या, कृत्रिम बोल तयार करणाऱ्या सिंथेसायझरवर बेतलेलं. एफ१ ३३० ठेवून एक स्वर ११० हर्ट्झच्या पिचवर (आवाजाच्या मूळ वारंवारतेवर) करा, दुसरा २२० वर, बाकी काही हलवू नका. ११० ला तिसरी हार्मोनिक (पिचची तिप्पट) नेमकी ३३० वर येते, माप जुळतं. २२० ला हार्मोनिक २२० आणि ४४० वर पडतात, ३३० पाशी काहीच नसतं, आणि एलपीसीचं (प्राट ज्या गणिती पद्धतीने फॉर्मंट काढतं तिचं) माप शेजारच्या एखाद्या हार्मोनिककडे ओढलं जातं. ढोबळ हिशेब असा की चूक पिचच्या पाव भागापर्यंत जाते, म्हणजे इथे ५५ हर्ट्झ. बायकांच्या किंवा मुलांच्या 'ई'-'ऊ' च्या एफ१ मध्ये ४० हर्ट्झचा फरक दिसला म्हणून निष्कर्ष काढू नये.

फॉर्मंट सीलिंग (फॉर्मंट शोधायची वरची मर्यादा) आपोआप ५५०० हर्ट्झ असतं. पुरुषाच्या आवाजाला ५००० करा, नाहीतर 'ऊ', 'ओ' मध्ये एफ१ आणि एफ२ (दुसरा फॉर्मंट) एकत्र होतात. विंडो (एका वेळी मोजला जाणारा आवाजाचा तुकडा) ०.०२५ सेकंद लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात ती ०.०५ सेकंदांची असते. आखूड स्वरात शेजारचं व्यंजन मिसळतं. अनुनासिक स्वरांचा एफ१ तर धरूच नका, नाकामुळे काही वारंवारता दबतात, ते शून्यबिंदू एलपीसीला मांडताच येत नाहीत.

'चाक' आणि 'चार' यांच्या 'च' मधला फरक ८००० हर्ट्झच्या वरही पसरतो. १६ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगचं रेकॉर्डिंग तिथेच, म्हणजे निम्म्यावर, कापलं जातं. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झला, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हॉइस मेसेज मोजायला घेऊ नका, फोनचं गोंगाट दाबणं (नॉइज सप्रेशन) ही बंद ठेवा.

डेसिबलचे आकडे तर कॅलिब्रेशनशिवाय तुलनेपुरतेच. मायक्रोफोन हलला की तेही गेलं.

पिच फ्लोअर (पिच शोधायची खालची मर्यादा) ७५ हर्ट्झ ठेवा. ५० ठेवलात तर विजेची ५० हर्ट्झची घरघर शांततेतही पिच म्हणून उमटते. तिची १०० हर्ट्झची छटा ७५ ला तरीही उरते, त्यामुळे चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. पत्र्याच्या छपराखाली पावसात काहीच करू नका. समुद्राची गाज फिल्टरने कमी होते, पत्र्यावरचा पाऊस नाही. दमटपणाने कंडेन्सर माइक तडतडतो, तेव्हा तो सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.