काट्याचं वजन, बारदान आणि एमव्हीव्हीएम टूलकिट: काही महिन्यांच्या वापरानंतर

वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या गाळ्यांसाठी आम्ही वजन नोंदवायचं सॉफ्टवेअर बनवतो. ऑफिस महापेला, कोड सी शार्पमध्ये, स्क्रीन डब्ल्यूपीएफच्या (विंडोजवरच्या प्रोग्रामांच्या स्क्रीन बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट). नवीन आवृत्तीत मायक्रोसॉफ्टचं कम्युनिटी टूलकिट एमव्हीव्हीएम घेतलं (एमव्हीव्हीएम म्हणजे स्क्रीन आणि तिच्यामागचा हिशेब वेगळे ठेवायची पद्धत, त्या हिशेबाच्या क्लासला व्ह्यूमॉडेल म्हणतात), आणि गेले बरेच महिने ते रोज हाताखाली आहे. आता त्याबद्दल ठाम बोलता येईल असं वाटतं.

आधी काम समजून घ्या. गोण काट्यावर पडली की सिरियल पोर्टवरून आकडे धडाधड येऊ लागतात. ४७.८०, ५१.२०, ५०.६०, मग ५०.४० वर काटा स्थिरावतो. आमचा काटा प्रत्येक आकड्यासोबत ‘स्थिर’ की ‘अस्थिर’ अशी खूणही पाठवतो. ढोबळ वजन बदललं की त्यातून बारदान (रिकाम्या गोणीचं वजन) वजा होऊन निव्वळ वजन बदलायला हवं, त्यावरून रक्कम बदलायला हवी, आणि काटा स्थिर झाल्याशिवाय ‘नोंदवा’ बटण दाबता येता कामा नये. मापाडी स्क्रीनकडे बघत उभा असतो, मागे हमाल पुढची गोण घेऊन तयार असतो. तिथे जुना आकडा क्षणभरही दिसून चालत नाही.

व्हॅल्यू बदलली की स्क्रीनला कळवायचा इंटरफेस जुनाच आहे. आय-नोटिफाय-प्रॉपर्टी-चेंज्ड डॉटनेट २.० पासून, म्हणजे २००५ पासून आहे. पण प्रत्येक प्रॉपर्टीसाठी (स्क्रीनला दिसणाऱ्या व्हॅल्यूसाठी) खासगी फील्ड (ती साठवायची जागा), सेटरमध्ये (ती बदलणाऱ्या कोडमध्ये) तुलना आणि मग इव्हेंट (बदल झाल्याची हाक), असा तोच तो मजकूर लिहावा लागायचा. २०१२ मध्ये सी शार्प ५ सोबत कॉलर-मेंबर-नेम आलं आणि प्रॉपर्टीचं नाव स्ट्रिंगमध्ये लिहिणं सुटलं, बाकीचं टायपिंग तसंच राहिलं. टूलकिटच्या ८.० आवृत्तीने, २०२२ मध्ये, ते सगळं सोर्स जनरेटरकडे, म्हणजे कंपाइल होताना आपोआप कोड लिहिणाऱ्या भागाकडे, सोपवलं. फील्डवर ऑब्झर्व्हेबल-प्रॉपर्टी हे ॲट्रिब्यूट (खुणेची चिठ्ठी) लावायचं, जनरेटरला भर घालता यावी म्हणून क्लास पार्शल ठेवायचा, बस्स.

टायपिंग वाचलं हा माझ्या लेखी छोटा फायदा. मोठा फायदा असा की कोण कोणावर अवलंबून आहे ते आता जागच्या जागी लिहिलेलं दिसतं. ढोबळ वजनाच्या डोक्यावरच ‘माझ्यासोबत निव्वळ वजन आणि रक्कम यांनाही कळवा’ आणि ‘नोंदवा कमांड पुन्हा तपासा’ असं लिहिलेलं असतं (कमांड म्हणजे बटणामागचं काम). निव्वळ वजन आम्ही कुठेही साठवत नाही, गेटरमध्ये (व्हॅल्यू वाचताना चालणाऱ्या कोडमध्ये) वजाबाकी होते. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला ती फाइल उघडून दिली, तिने न विचारता साखळी वाचून दाखवली. जुन्या कोडमध्ये हे कधीच जमलं नसतं.

आता जिथे सावध राहायला हवं तो भाग. जनरेट झालेला सेटर आधी जुनी आणि नवी व्हॅल्यू ताडून पाहतो. दोन्ही सारख्या असतील तर गप्प बसतो. काट्यावर तोच आकडा पुन्हा पुन्हा येत असताना हे अगदी हवंहवंसं. पण आमच्याकडे ‘शेवटची नोंद’ (शेवटच्या गोणीचं वजन) अशीही एक प्रॉपर्टी आहे. चिठ्ठी छापायचं काम तिच्याच चेंज्ड मेथडमध्ये (व्हॅल्यू बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) टाकूया, अशी सूचना डिझाइनच्या चर्चेत आली होती. विचार करा: एक गोण ५०.४०, पुढचीही ५०.४०. व्हॅल्यू बदललीच नाही, म्हणजे मेथड चालणार नाही, दुसऱ्या गोणीची चिठ्ठी निघणार नाही. शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) एक गोण गायब! गोण नोंदली जाणं ही घटना आहे, व्हॅल्यूतला बदल नव्हे. छपाई आम्ही कमांडमध्येच ठेवली, आणि चेंज्ड मेथडमध्ये स्क्रीनपलीकडचं काहीही करायचं नाही हा नियम कोड रिव्ह्यूमध्ये आजही कडकपणे पाळतो.

क्रमही लक्षात ठेवा. तुमची चेंज्ड मेथड आधी चालते, प्रॉपर्टी-चेंज्ड इव्हेंट नंतर उडतो. त्या मेथडमधून दुसरी प्रॉपर्टी बदलली आणि तिने फिरून पहिली बदलली, तर माग काढताना डोकं भणभणतं. सारख्या व्हॅल्यूच्या तपासणीमुळे असं चक्र बहुतेकदा थांबतं, पण राउंडिंग मध्ये आलं की तेही सांगता येत नाही.

थ्रेडचं पथ्य वेगळं. थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामाची एक रांग. स्क्रीन यूआय थ्रेडवर चालते, सिरियल पोर्टचा डेटा दुसऱ्या थ्रेडवर येतो. साध्या प्रॉपर्टीचा बदल डब्ल्यूपीएफ स्वतःच यूआय थ्रेडवर नेतं, त्यामुळे सगळं आलबेल वाटतं. कमांडच्या कॅन-एक्झिक्यूटची (बटण दाबता येईल की नाही याची) सूचना मात्र तशी नेली जात नाही, ती दुसऱ्या थ्रेडवरून गेली की एक्सेप्शन येतो. म्हणून आम्ही आकडा डिस्पॅचरमधूनच (काम यूआय थ्रेडवर पोचवणाऱ्या भागातूनच) व्ह्यूमॉडेलला देतो. टूलकिटला यात दोष देता येत नाही, तरी दोन्ही सूचना शेजारी शेजारी लिहिल्या जातात म्हणून सांगतोय.

मेमरीबद्दल थोडक्यात: बाइंडिंग (स्क्रीन आणि प्रॉपर्टी यांची जोडणी) वीक इव्हेंट वापरतं, म्हणजे त्या जोडणीमुळे काही मेमरीत अडकून राहत नाही, ती काळजी नको. पण दिवसभर चालणाऱ्या काटा-सर्व्हिसच्या इव्हेंटला हाताने जोडून घेतलेली स्क्रीन बंद केली तरी मेमरीत राहते. जोडणी तोडायची जबाबदारी आपली.

फील्डवाल्या पद्धतीत एक गोष्ट मला खटकत आली आहे. क्लासच्या आत कोणी प्रॉपर्टीऐवजी थेट फील्ड बदललं की कोणालाच कळत नाही. टूलकिटचा ॲनालायझर (कोड तपासणारा भाग) त्यावर वॉर्निंग देतो, आम्ही ती एररच करून टाकली आहे. ८.४ आवृत्तीपासून ॲट्रिब्यूट सरळ पार्शल प्रॉपर्टीवर लावता येतं, मग हाताशी फील्डच उरत नाही. नवीन स्क्रीन आम्ही तशाच लिहितो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तिथूनच करावी. आमच्या जुन्या स्क्रीन जशा हाताखाली येतील तशा बदलतोय, पुढचा नंबर बारदानाच्या यादीचा.