डिऑरचा ‘पॉयझन’: गणपतीपासून होळीपर्यंत वापरून

डिऑर या फ्रेंच कंपनीचा पॉयझन हा परफ्यूम मी गणपतीच्या सुमारास घेतला. आता होळी होऊन गेली आणि नाशिकचं ऊन चटके द्यायला लागलंय. मधली सगळी थंडी अंगावर काढली ती याच्याच सोबतीनं, म्हणून ठामपणे सांगते: ज्यांना निशिगंध मनापासून आवडतो, त्यांनी हा घ्यावाच.

परफ्यूम जुना आहे. १९८५ साली एदुआर फ्लेशिए यांनी तो तयार केला. फवारल्या फवारल्या आलुबुखार आणि धने येतात, आणि हे धने पहिल्यांदा दचकवतात. थोडा वेळ जाऊ द्या. गोडवा मागे सरतो, निशिगंध वर येतो, सोबत दालचिनी, मध, संत्र्याचं फूल. आपल्या फुलबाजारात वजनावर मिळणारा सुटा निशिगंध एकेरी असतो, त्याला घमघमाट जास्त. फुलदाणीतल्या दुहेरी काड्यांना तेवढा नसतो. इथला निशिगंध त्या एकेरीच्या जातीचा, पण मसाल्याच्या डब्याशेजारी रात्रभर ठेवलेला. मी पहिल्यांदा लावून स्वयंपाकघरात गेले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “निशिगंध आणलास का गं?” त्यांना परफ्यूमचं काडीचं वेड नाही, म्हणून मला ते फार मोलाचं वाटलं.

खरी मजा थंडीत. निफाडचा पारा घसरला की नाशिकही गारठतं, आणि हवा गार असली की वास अंगावरून हळूहळू उडतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाताना मनगटावर आणि मानेमागे एकेक फवारा मारला, तर रात्री घरी परतेपर्यंत पुरायचा. दुसऱ्या दिवशी शालीला व्हॅनिला आणि चंदनाचा मऊ वास असायचा. मला तर तो ताज्या वासापेक्षाही जास्त आवडतो. थंडीत कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर वास टिकत नाही, म्हणून आधी जराशी व्हॅसलीन चोळा.

साडीवर मात्र मारू नका. परफ्यूममधल्या अल्कोहोलनं रेशमावर डाग पडू शकतो, काठपदराची जर काळवंडू शकते. येवल्याची पैठणी नेसायची असेल तर आधी अंगाला लावा, वाळू द्या, मग नेसा.

आता उन्हाळ्याचं. भर दुपारी, गच्च भरलेल्या बसमध्ये किंवा बंद एसी ऑफिसात हा लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वास दमदार आहे, शेजारच्याचाही विचार हवा. मी सध्या तो फक्त सूर्य मावळल्यावर, एकच फवारा, गुडघ्यामागे लावते. तिथून वास हलका हलका वर येतो.

विकत घेताना डबा नीट बघा. पॉयझन नावाखाली बरेच परफ्यूम आहेत: १९९४ चा हिरव्या बाटलीतला टेंडर, १९९८ चा लाल बाटलीतला हिप्नॉटिक, २००४ चा पांढरा प्युअर. प्रत्येकाचा वास वेगळा. हिप्नॉटिकमध्ये तर बदाम आणि व्हॅनिलाच पुढे असतात. मी लिहितेय तो गडद जांभळ्या, सफरचंदाच्या आकाराच्या बाटलीतला. दुकानात कागदी पट्टीवर हुंगून ठरवू नका. मनगटावर लावा, कॉलेज रोडला एक चक्कर मारा, कॉफी घ्या आणि अर्ध्या तासानं पुन्हा हुंगा. तेव्हाही आवडला तर सगळ्यात लहान बाटली घ्या. एका वेळी एक-दोन फवारेच लागतात, त्यामुळे ती बरेच महिने पुरते. ठेवायची मात्र कपाटात, उन्हाच्या खिडकीपासून लांब.