दीडशे एएच, पण किती तासांत? सोलर ट्युब्युलर बॅटरीचा तीन पावसाळ्यांचा अनुभव

दापोली तालुक्यातील आमच्या घरी २०२२ च्या मे महिन्यात १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन टॉल ट्युब्युलर सोलर बॅटऱ्या बसवल्या आणि त्यांच्यावर तीन पावसाळे काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एक्साइड, ल्युमिनस यांच्यासह अनेक कंपन्या याच जातीच्या बॅटऱ्या विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते या जातीबद्दल, तिच्या निवडीबद्दल आणि तिला पोसणाऱ्या चार्जिंगबद्दल आहे. त्यातही चार्जिंगबद्दल अधिक, कारण या जोडीआधीची आमची पहिली बॅटरी आम्ही वापरून संपवली नाही, उपाशी ठेवून मारली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, विजेचे खांब आडवे झाले आणि आमच्या वाडीत तीन आठवड्यांहून अधिक काळ वीज नव्हती. त्या दिवसांत शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी पडवीत आणून तिच्यावर मोबाइल आणि एक दिवा चालवला होता, आणि चौथ्या रात्री ती इतकी उतरली की ट्रॅक्टर सुरू होईना. वाहनाची बॅटरी इंजिन फिरवण्यापुरता काही सेकंद प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात, आणि रोज निम्म्यापर्यंत उतरणे त्या प्लेटांना फार दिवस सोसत नाही. हे तेव्हा माहीत नव्हते. माहीत असते तरी त्या रात्री आम्ही तेच केले असते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका दुकानदाराने आम्हाला १२ व्होल्टची एक १५० एएच फ्लॅट प्लेट बॅटरी, ३३० वॅटचे एक पॅनेल आणि पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर असा संच दिला. ‘ताई, तीनशे तीस वॅट म्हणजे चार तासांत बॅटरी फुल्ल’ हे त्याचे वाक्य मला अजून आठवते. ७२ सेलचे असे पॅनेल साधारण ३७ व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर देते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर मात्र पॅनेलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, त्यामुळे करंट तोच राहतो आणि व्होल्टेज १३ वर येते. गुणाकार केला तर ३३० वॅटच्या पॅनेलमधून सुमारे ११५ वॅटच बॅटरीत जात होते, तेही टळटळीत उन्हात. पावसाळ्यात तर विचारूच नका. बॅटरी रोज रात्री निम्मी उतरायची, दिवसा पाऊण भरायची आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तिथूनच खाली जायची. अशा अर्धवट भरलेल्या लेड-अॅसिड बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, ज्याला मेकॅनिक ‘सल्फेट चढला’ म्हणतात, आणि ते नंतर कितीही चार्ज केले तरी पुरते निघत नाहीत. दीड वर्षात पंखा तासाभरात बंद पडू लागला. दुकानदाराने वापर जास्त असल्याचे कारण दिले. आमचा वापर दोन दिवे आणि एक पंखा होता.

दुसऱ्या खेपेला दुकान बदलले आणि आधी हिशेब केला. कमी वीज खाणारे तीन बीएलडीसी पंखे प्रत्येकी ३० वॅट, सात एलईडी दिवे प्रत्येकी ९ वॅट आणि राउटर मिळून भार साधारण १६० वॅट होतो. साधे जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅट घेतात, म्हणून बॅटरी मोठी घेण्याआधी पंखे बदलणे स्वस्त पडले आणि हा सल्ला मी प्रत्येकाला देते. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी अशा जोडून २४ व्होल्टची व्यवस्था केली की कागदावर ३,६०० वॅट-तास होतात. त्यातले निम्मेच वापरायचे असे धरले, तर १,८०० उरतात आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता सुमारे १,५००. म्हणजे सगळे एकाच वेळी चालू ठेवले तरी नऊ तास. प्रत्यक्षात रात्री अकरानंतर दिवे बंद होतात, त्यामुळे संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा प्रश्न मिटतो. फ्रिज आणि विहिरीवरचा पंप या हिशेबात नाहीत, आणि नसावेत; पंप सुरू होताना चालत्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढतो.

निवडीतला कळीचा मुद्दा बॅटरीच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतो. १५० एएच या आकड्यापुढे ‘सी-१०’ किंवा ‘सी-२०’ लिहिलेले असते, आणि दुकानात त्याकडे बहुतेक कोणी बोट दाखवत नाही. सी-२० म्हणजे ती बॅटरी साडेसात अँपिअरने वीस तास चालेल, तेव्हा १५० भरतील. सी-१० म्हणजे पंधरा अँपिअरने दहा तास काढूनही १५० मिळतील. लेड-अॅसिड बॅटरीतून वीज जितकी भराभर काढावी तितकी एकूण कमी मिळते, त्यामुळे सी-२० ची १५० एएच बॅटरी दहा तासांत रिकामी केली तर साधारण १२० ते १३० एएचच हाती लागतात. म्हणजे दोन्हींवर आकडा एकच असला तरी सी-१० ची बॅटरी खरोखरच मोठी असते. आमचा भार इन्व्हर्टरची घट धरून २४ व्होल्टवर सुमारे पावणेआठ अँपिअर, म्हणजे अगदी सी-२० च्या गतीचा आहे; ‘मग सी-१० कशाला?’ असे घरातूनही विचारले गेले. उत्तर असे, की या मंद गतीला सी-१० ची बॅटरी १५० पेक्षा जास्तच देते, आणि ती जादा क्षमता म्हणजे रोजची उतरण कमी. किमतीची तुलना करताना सी-१० शेजारी सी-२० ठेवून ‘ही स्वस्त’ म्हणणे मात्र शुद्ध फसगत आहे.

ट्युब्युलर या शब्दाचा अर्थही पाहून घ्यावा. हिच्या धन प्लेटेत शिशाच्या मिश्रधातूच्या उभ्या काड्या असतात आणि प्रत्येक काडीभोवतीचा सक्रिय लगदा पॉलिस्टरच्या सच्छिद्र नळीत बंद असतो. फ्लॅट प्लेटेवरचा लगदा उतर-चढीने सुटून तळाशी गाळ होऊन साचतो. नळीतला तसा सहजी सुटत नाही. रोजच्या खोल वापरात ट्युब्युलर अधिक वर्षे टिकते ती यामुळे. मोनोब्लॉक, म्हणजे सगळे सेल एकत्र असलेल्या डब्यातील अशा स्थिर बॅटऱ्यांसाठी आयएस १३३६९ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख माहितीपत्रकात शोधावा.

दुसऱ्या दुकानदाराबद्दल चांगले लिहिण्यासारखे बरेच आहे. त्याने बॅटरी काट्यावर ठेवून वजन दाखवले आणि ते माहितीपत्रकातील आकड्याशी जुळवले, कारण शिसे कमी असेल तर वजनात कळते. अॅसिडसह एकेक बॅटरी ५५ किलोच्या पुढे भरली आणि ती पडवीत चढवताना दोन माणसांचा घाम निघाला. डब्यावरच्या कोडवरून उत्पादनाचा महिना वाचून दाखवला, कारण भरलेली बॅटरी चार्ज न करता महिनोन्महिने दुकानात पडली तर ती आपल्या घरी येण्याआधीच म्हातारी होते. वॉरंटी कार्डावर क्रमांक आणि शिक्का माझ्यासमोर घातला. एक तक्रार मात्र आहे. वॉरंटी पाच वर्षांची सांगितली, पण त्यातील पहिली तीनच वर्षे बदली बॅटरी फुकट मिळते आणि उरलेली दोन वर्षे प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीच्या किमतीत वापराच्या काळानुसार सूट, हे मला घरी येऊन कार्ड वाचल्यावर कळले. जुनी बॅटरी परतीला देऊन नव्या प्रत्येकी सुमारे १५ हजारांना पडल्या. जुनी भंगारवाल्याला न देता दुकानातच द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीही ती अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जाणे अपेक्षित आहे.

या खेपेला पॅनेल ३३० वॅटची दोन आहेत आणि इन्व्हर्टरमध्ये एमपीपीटी चार्जर आहे, जो पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर ठेवून उरलेल्या व्होल्टेजचे करंटमध्ये रूपांतर करतो. चांगल्या उन्हात १८ ते २० अँपिअर बॅटरीत जाताना मीटरवर दिसतात. १५० एएचच्या बॅटरीला निदान १५ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दहा टक्के करंट मिळाला पाहिजे, हा मेकॅनिकांचा ठोकताळा इथे पाळला जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनपर्यंत बॅटऱ्या भरलेल्या असतात. जुलैमध्ये, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात, ओळीने आठवडाभर त्या उन्हावर भरत नाहीत आणि तेव्हा वीज आली की इन्व्हर्टर तिच्यावरून चार्जिंग पूर्ण करतो. वीज आहे, पण बेभरवशाची आहे, अशा घरासाठी ही जोडी योग्य ठरली.

देखभाल मात्र आहे, आणि ज्यांना ती नको त्यांनी ही बॅटरी घेऊ नये. दर दोन महिन्यांनी झाकणांवरचे पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट पाहून डिस्टिल्ड वॉटर घालते. विहिरीचे, फिल्टरचे किंवा पावसाचे पाणी नाही, आणि अॅसिड तर कधीच नाही. खोलीला वरच्या बाजूला झरोका ठेवला आहे, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. टर्मिनलवर हिरवट-पांढरे साचले की खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून व्हॅसलीन लावते. अॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि व्होल्टमीटरपेक्षा जास्त खरे बोलतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये तो जोडीतल्या पहिल्या बॅटरीच्या एकेका सेलमध्ये बुडवून वाचन घेतले (आकडा कमी म्हणजे चार्ज कमी): १२४०, १२४५, १२४०, १२३५, आणि पाचव्या सेलमध्ये हायड्रोमीटरचा फ्लोट खाली जाऊन १२०० वर थांबला. सहावा पुन्हा १२४०. (तेव्हा पदरावर एक थेंब पडला होता; साडी धुतल्यावर तिथे भोक पडले. जुना कपडा घालूनच हे काम करावे.) एक सेल मागे पडला की सगळी बॅटरी त्याच्या चालीने चालते. इन्व्हर्टरवरून इक्वलायझेशन, म्हणजे ठरावीक वेळ मुद्दाम जास्त व्होल्टेजचे चार्जिंग, दिल्यावर पाचवा १२२५ पर्यंत आला.

ज्यांच्या शेतघरी वीज पोहोचलेलीच नाही, त्यांना कोकणात मी ही बॅटरी सुचवणार नाही. आठवडाभर अर्धवट भरलेले राहणे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला बाधत नाही, २५.६ व्होल्ट, १०० एएचची एक बॅटरी २,५६० वॅट-तासांची असते, त्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात, आणि एक माणूस ती उचलून माळ्यावर नेऊ शकतो. किंमत अधिक आहे आणि आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, बिघडला तर गावातला मेकॅनिक हात लावत नाही, ही तिची दुखरी बाजू. आमच्याकडे वीज येत-जात असल्याने आणि हायड्रोमीटर धरायची सवय झाल्याने मी अजून ट्युब्युलरच्या बाजूने आहे. दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलाव्या लागतील हे ठाऊक आहे, कारण जुन्याला नवी जोडली की नवीही जुनीच्या वाटेने जाते. म्हणून वहीत जोडीतल्या पहिल्या बॅटरीच्या पाचव्या सेलचे वाचन आता दर महिन्याला लाल शाईने लिहिते.