औषधांच्या फ्रिजमधला मिन-मॅक्स थर्मामीटर : उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा अनुभव

जानेवारीत एका सकाळी सिस्टरनं थर्मामीटरचं 'मिन'चं (मागच्या रीसेटपासूनचा नीचांक दाखवणारं) बटण दाबलं आणि आकडा आला उणे १.४. स्क्रीनवर तेव्हा चांगलं ४.८ दिसत होतं. इंदूरच्या उन्हाळ्यात फ्रिजचा नॉब वाढवलेला, थंडीत तो खाली आणायचा राहून गेला. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे आमच्या वृद्धाश्रमात सगळ्यांना पाठ आहे. पण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी टाकूनच द्यावं लागतं. मागच्या बाजूच्या, चिलरला लागून असलेल्या इन्सुलिनच्या सगळ्या व्हायल (छोट्या बाटल्या) टाकल्या. पैसे गेले याचं वाईट वाटलं, पण त्या कुणा आजींना टोचल्या गेल्या नाहीत!

खरं तर सुरुवातीला मी हे थर्मामीटरचं यंत्र परतच करणार होते. दार उघडलं की लगेच १२ दाखवायचं, अलार्म वाजायचा, रात्री सगळ्यांची झोपमोड. विक्रेत्यानं फोन उचलणंच सोडून दिलं. मग दवा बाजारातून ग्लिसरीनची छोटी बाटली आणली, झाकणाला भोक पाडून प्रोब (तापमान मोजणारं टोक) आत बुडवला. लसींच्या फ्रिजमध्येही असंच करतात, म्हणजे हवेचं नाही, बाटलीतल्या औषधाचं तापमान कळतं. अलार्म थांबला. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन त्यात प्रोब धरला तर ०.३ आलं. यंत्र चोख आहे.

तक्रार एकच, पण ती मी सोडणार नाही. नीचांक दाखवतं, वेळ दाखवत नाही. उणे १.४ पाच मिनिटं होतं की रात्रभर? मधे कुणी रीसेट केलं नसेल तर कालचं की परवाचं, तेही कळत नाही. व्हायल टाकायची की ठेवायची हे ज्यावरून ठरतं, नेमकं तेच गायब! वेळ नोंदवणाऱ्या लॉगरची किंमत ट्रस्टला झेपणारी नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ वहीत मिन, मॅक्स लिहून रीसेट करतो.

हे यंत्र खोलीचंही तापमान दाखवतं, ते मे महिन्यात फार उपयोगी पडलं. गोळ्यांच्या पाकिटांवर '३० अंशांखाली ठेवा' छापलेलं आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या कपाटात दुपारी ३६! वापरात असलेली बहुतेक इन्सुलिन पेनंही बाहेर ठेवायची तर ३० च्या खालीच, तीही साधारण २८ दिवस. कपाट त्याच आठवड्यात आतल्या खोलीत हलवलं.

वरच्या मजल्यावरच्या फ्रिजसाठी आता दुसरा घ्यायचाय. वेळ नोंदवणारा याच्या आसपासच्या भावात कुणाला मिळाला असेल तर कळवा, नाहीतर हाच घेईन.